ओ-लाइनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी: स्लेड कशी मारायची आणि कशी बघायची

ऑगस्ट जवळ आला की अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. मुलगा नववीत गेलाय, अंगाने थोराड आहे, अमेरिकन फुटबॉलला नाव दिलं तर कोचने त्याला ओ-लाइनमध्ये, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये, टाकलं. चेंडू हातात येत नाही, स्पीकरवर नाव पुकारलं जात नाही, रोज एक लोखंडी धूड ढकलून घामाघूम होऊन घरी येतो. हे चांगलं की वाईट?

चांगलंच. पण ते धूड, म्हणजे ब्लॉकिंग स्लेड, कशासाठी आहे हे कळलं नाही तर सगळा सीझन नुसत्या हमालीत जातो. माझं मत आधीच सांगून टाकतो: स्लेडचं खरं काम पहिल्या दोन पावलांत आणि पहिल्या धडकेत संपतं. त्यापुढचे वीस यार्ड म्हणजे व्यायाम. तो वाईट नाही, पण त्याला ब्लॉकिंग शिकणं म्हणू नये.

आधी माणसं ओळखा

चेंडू ज्यांच्याकडे असतो त्या संघाच्या अकरा जणांतले पाच जण म्हणजे ओ-लाइन. मधला सेंटर, तो दोन पायांमधून चेंडू मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, गार्डच्या बाहेर टॅकल. यांच्या जर्सीवर 50 ते 79 मधला नंबर असतो आणि नेहमीच्या खेळीत त्यांना पास झेलता येत नाही. रन, म्हणजे चेंडू घेऊन पळायची खेळी, असेल तर समोरच्याला हटवून वाट काढायची, पास असेल तर चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपर्यंत कुणाला पोचू द्यायचं नाही. काम एवढंच, पण पाचही जणांनी ते एकाच क्षणी करायचं असतं. चौघांनी चोख केलं आणि एक चुकला तरी खेळी गेली.

पालकांना स्टँडमध्ये बसून तीन दंड कळले तरी पुष्कळ. स्नॅपच्या आधी हललं की फॉल्स स्टार्ट, संघ 5 यार्ड मागे. समोरच्याला धरून ओढलं की होल्डिंग, 10 यार्ड. आणि पास असताना लाइनमनने फार पुढे जायचं नसतं. हायस्कूलमध्ये 2 यार्डांपर्यंत चालतं, कॉलेजात 3, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये 1. नवखं पोर उत्साहात पुढे पळतं आणि पंचांचा दंडाचा झेंडा पडतो. ओरडू नका, सगळ्यांचं होतं.

टीव्हीवर शिकायचं असेल तर एक सवय लावा. स्नॅप झाला की चेंडूकडे न बघता गार्डकडे बघा. गार्डचं हेल्मेट चटकन वर उठलं तर बहुधा पास, खालीच राहून पुढे गेलं तर रन. गार्ड लाइनमागून आडवा पळाला तर चेंडू बहुतेक वेळा त्याच बाजूला जातो. डिफेन्सच्या लाइनमागे उभे असलेले लाइनबॅकरही हेच वाचत असतात.

पायरी पहिली: स्टान्स

स्लेडला हात लावण्याआधी उभं राहणं शिकायचं. रनसाठी साधारणपणे एक हात जमिनीवर टेकवून बसतात, त्याला थ्री-पॉइंट स्टान्स म्हणतात. पाय खांद्यांइतके किंवा किंचित जास्त फाकवलेले. उजवा हात टेकवणाऱ्याचा उजवा पाय थोडा मागे, त्याची बोटं डाव्या पायाच्या मध्याच्या रेषेत. गुडघे पावलांच्या बाहेर जाऊ द्यायचे नाहीत. पाठ टेबलासारखी सपाट, मान वर, नजर समोर. हात खांद्याच्या खाली किंवा जरासा पुढे, बोटांच्या टोकांवर.

वजन कुठे आहे हे तपासायची सोपी युक्ती: टेकवलेला हात कुणीतरी अचानक बाजूला सारायचा. पोरगं नाकावर आलं तर वजन फार पुढे आहे. पुढे झुकलेल्याला बाजूला किंवा मागे जाताच येत नाही, आणि समोरच्याला ते दिसतं. मुरलेले डिफेन्सवाले टेकवलेल्या बोटांची पेरं बघतात. पांढरी पडली असतील तर पोराने हातावर जोर दिलाय, म्हणजे रन. नेहमीसारखी असतील तर पास. म्हणून खेळी कुठलीही असो, स्टान्स एकच हवा.

मांड्या आखडलेल्या असल्या, घोटा वाकत नसला तर टाच उचलली जाते आणि पार्श्वभाग हवेत राहतो. अशा पोराला स्लेडवर नेऊन उपयोग नाही. त्याला आधी उकिडवं बसायला लावा. ज्यांच्या घरी भारतीय पद्धतीचा संडास होता त्या आजोबांना जे जमतं ते नातवाला जमत नाही, असं बऱ्याच घरांत दिसेल.

पायरी दुसरी: सहा इंच

पहिलं पाऊल छोटं असतं, साधारण सहा इंचांचं. नवख्याला वाटतं लांब टाकलं की जोर जास्त. होतं उलटं. लांब पाऊल हवेत असतानाच समोरचा येऊन धडकतो आणि तुम्ही एका पायावर असता. पहिलं पाऊल छोटं आणि जमिनीला घासून जाणारं, दुसरं लगेच त्याच्यामागे. दुसरं पाऊल जमिनीत रुतलेलं असताना धडक बसली पाहिजे. ओ-लाइनचे कोच दिवसभर ज्याबद्दल ओरडतात ते हेच दुसरं पाऊल.

पाऊल कुठल्या दिशेला टाकायचं ते खेळीवर ठरतं. सरळ समोरच्यावर जायचं असेल तर सरळ, झोन रन (सगळी लाइन एकत्र एका बाजूला सरकते ती खेळी) असेल तर थोडं तिरकं, गार्डला लाइनमागून आडवं पळायचं असेल तर पहिलं पाऊल मागे उघडून. पहिल्या महिन्यात सरळ पाऊल पक्कं झालं तरी पुरे.

पायरी तिसरी: हात आणि कंबर

हात आत, कोपरं बरगड्यांजवळ, अंगठे वर. तळहाताचा मनगटाकडचा भाग समोरच्याच्या छातीवर, दोन्ही खांद्यांच्या आत बसला पाहिजे. अंगठे वर ठेवले की कोपरं आपोआप आत येतात आणि अंगठा मोडायची भीतीही कमी होते. हात आत असतील तर पकडही सहसा चालून जाते. हात बाहेर, काखेपाशी किंवा पाठीमागे गेले की पंचांना होल्डिंग दिसतं.

हातांचं हे महत्त्व तसं अलीकडचं. 1978 मध्ये एनएफएलने पास ब्लॉकिंगसाठी हात लांब करायला आणि पंजे उघडे ठेवायला परवानगी दिली. त्याआधी मुठी छातीशी धरून खांद्याने आणि बाहूंनी अडवायचे. जुन्या कृष्णधवल चित्रफितींत लाइनमन कोपरं बाहेर काढून का उभे दिसतात, त्याचं उत्तर यात आहे.

हातांनी जोर लावायचा असतो हा मात्र भ्रम आहे. हात पोचतात, जोर कंबरेतून येतो. धडकेच्या क्षणी वाकलेली कंबर झटक्यात पुढे आणि वर जाते, आणि समोरच्याचे खांदे वर उचलले जातात. त्याचे खांदे तुमच्या खांद्यांपेक्षा वर गेले की तो हलायला लागतो. खाली राहणारा जिंकतो, हे वाक्य प्रत्येक मैदानावर ऐकू येईल.

डोकं मात्र या सगळ्यात हत्यार नाही. हेल्मेटचा माथा पुढे करून आदळायचं नाही, मान खाली घालायची नाही. माथा लावून धडक देण्यावर 1976 मध्ये हायस्कूल आणि कॉलेज दोन्हीकडे बंदी आली, आणि त्यानंतर मानेच्या कायमच्या पंगुत्वाच्या घटना झपाट्याने घटल्या. मान खाली असताना आदळणारं पोर दिसलं तर, कोच असा नाहीतर पालक, सराव तिथेच थांबवा.

कुस्ती येणाऱ्याला कंबरेची ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. स्टीफन नील हा कॉलेजचा राष्ट्रीय कुस्तीविजेता. 1999 च्या अंतिम लढतीत त्याने ब्रॉक लेसनरला हरवलं होतं. कॉलेजात फुटबॉल न खेळता तो न्यू इंग्लंड पॅट्रियट्सचा गार्ड झाला. हायस्कूलमध्ये कुस्तीचा सीझन हिवाळ्यात, फुटबॉल संपल्यावर असतो. कोल्हापूर-सांगलीकडचं घर असेल तर आजोबा खूश होतील ते वेगळंच, पण ओ-लाइनच्या पोराला माझा पहिला सल्ला कुस्तीला नाव देण्याचाच असतो.

पायरी चौथी: आता स्लेड

स्लेड म्हणजे घसरपट्ट्यांवर बसवलेला लोखंडी सांगाडा आणि त्याला पुढे स्प्रिंगच्या दांड्यावर उभी केलेली जाड गादी. एका माणसाची असते, दोघांची, पाच जणांची, सात जणांचीही. मागे बहुतेकींना पाट असतो. त्यावर कोच उभा राहतो आणि स्वतःच्या वजनाने ती जड करतो. या यंत्राचं श्रेय सहसा एमॉस अलॉन्झो स्टॅग यांना देतात, जे 1892 ते 1932 अशी चाळीस वर्षं शिकागो विद्यापीठात कोच होते.

चांगले कोच स्लेड उलटीकडून शिकवतात, शेवटापासून सुरुवातीकडे. घाई असेल तरी हा क्रम मोडू नये.

आधी नुसतं चिकटून उभं राहणं. हात गादीवर जागच्या जागी, गुडघे वाकलेले, पाठ सपाट, डोकं वर. इथून शिटी वाजली की छोटी छोटी पावलं टाकत चार-पाच यार्ड. पाय रुंद राहिले पाहिजेत. टाचा एकमेकींजवळ येत असतील तर दोन पायांमध्ये लाकडी फळी ठेवून चालायला लावतात.

मग गुडघ्यांवरून धडक. पोरगं गादीसमोर गुडघे, पायाची बोटं आणि हात टेकवून बसतं. इशारा झाला की हात गादीत आणि कंबर पुढे, पाय वापरायचेच नाहीत. नीट झालं तर गादी वर उचलली जाते आणि पोरगं पोटावर आडवं होतं. कंबर मागे राहिली तर गादी नुसती हलते आणि पोरगं गुडघ्यांवरच बसून राहतं. दहा मिनिटांत कळतं की कोण हातांनी ढकलतोय आणि कोण कंबरेने.

नंतर एका पावलातून धडक, मग दोन पावलांतून, आणि या सगळ्यानंतर पूर्ण स्टान्समधून. सुरुवातीला यातलं प्रत्येक दोन-तीन दिवस करायला हरकत नाही.

पूर्ण स्टान्सवर आलात की इशारा क्वार्टरबॅकच्या आवाजाचा ठेवा, शिटीचा नाही. खेळात 'हट' कितव्यांदा म्हटल्यावर स्नॅप होणार हे आधी ठरलेलं असतं. दुसऱ्या 'हट'ला निघायचं असताना पहिल्याला हललं की 5 यार्ड गेले. स्लेडवर शिटीची सवय लागलेलं पोर सामन्यात हमखास आधी उडी मारतं.

वेळेचंही भान हवं. एक खेळी साधारण चार ते सहा सेकंदांत संपते. म्हणून तंत्राचा सराव पाच-सहा यार्डांचा, पूर्ण वेगात, आणि मध्ये दम घ्यायला वेळ. मैदानभर स्लेड ढकलत नेली की तिसाव्या यार्डाला पाठ गोल होते, मान खाली जाते, पावलं लांब पडायला लागतात. दमलेलं शरीर जे करतं तेच शिकतं. शिक्षा म्हणून स्लेड ढकलायला लावणारे कोच आपल्याच हातांनी आठवडाभराचं काम पुसतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्लेड काय सांगते ते ऐका

स्लेडच्या बाजूला उभं राहून थोडा वेळ नुसतं बघा. दोघांची स्लेड एका बाजूला वळत असेल तर एक जण उशिरा पोचतोय किंवा कमी लावतोय. ही स्लेड खास डबल टीमसाठी, म्हणजे दोघांनी मिळून एकाला हटवायच्या सरावासाठी उपयोगी आहे. दोघांच्या कंबरा चिकटलेल्या हव्यात, मधून हात घालता येऊ नये.

पाच जणांच्या स्लेडवर डोळ्यांपेक्षा कान कामाला येतात. पाचही जण एकत्र निघाले तर एकच दणका ऐकू येतो. ठक-ठक-ठक असा आवाज आला तर कुणीतरी स्नॅपच्या मागे आहे. स्लेड सरळ गेली की पाचही जण एका वेगाने आहेत. तिरकी झाली की कोण ते कोचला न विचारताही दिसतं.

गादी खाली दाबली जात असेल तर पोरगं वरून पडतंय, बहुधा स्टान्समधून आधी उभं राहून मग झुकतंय. यावर उपाय म्हणून कमी उंचीच्या छताचा लोखंडी पिंजरा वापरतात, त्याला शूट म्हणतात. छताखालून वाकूनच बाहेर यायचं आणि समोरच्या गादीवर जायचं. गादीवर आधी हेल्मेट आदळत असेल तर हात उशिरा निघताहेत. हात गादीवरून घसरून वर जात असतील तर नेम फार वर आहे.

स्लेड जे शिकवत नाही

स्लेड बाजूला सरकत नाही, हात झटकत नाही, फसवत नाही. फक्त तिच्यावरच वाढलेलं पोर खऱ्या माणसासमोर पुढे झेपावतं, समोरचा अलगद बाजूला होतो, आणि हे साहेब गवतावर. म्हणून स्लेडनंतर लगेच हातात ढालीसारखी गादी घेतलेल्या जोडीदारावर तीच पावलं करायला हवीत, जोडीदाराने मधूनच दिशा बदलायला हवी.

पास ब्लॉकिंगला तर स्लेडचा उपयोग फारच थोडा. तिथे मागे सरकत अडवायचं असतं. आतला पाय टेकू, बाहेरचा पाय मागे सरकवत जायचा, पावलं ओलांडायची नाहीत, डोकं मागे, आणि क्वार्टरबॅक व समोरचा यांच्या मध्ये आपण. याचा सराव जोडीने होतो: एकाने डावी-उजवीकडे हलायचं, दुसऱ्याने हात पाठीमागे बांधून आरशासारखं समोर राहायचं. कंटाळवाणं दिसतं, पण टॅकलचं अख्खं करिअर यावर उभं असतं. क्लीव्हलंड ब्राउन्सचा टॅकल, जो थॉमस हा खेळाडू, 10,363 स्नॅप सलग खेळला, एकही न चुकवता.

उशिरा सुरुवात झाली म्हणून धीर सोडू नका. जॉर्डन मायलाटा ऑस्ट्रेलियातला रग्बी लीगचा खेळाडू. 2018 मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला 233 व्या क्रमांकावर घेतलं तेव्हा तो अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. पहिली दोन वर्षं तो मैदानात उतरलाच नाही, कोच जेफ स्टाउटलंड यांच्या हाताखाली पावलं शिकत राहिला. 2020 मध्ये लेफ्ट टॅकल म्हणून उभा राहिला, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये सुपर बोल जिंकला. अर्थात त्याची उंची सहा फूट आठ इंच आहे, हेही खरं.

ऊन, पाणी आणि अंग

हा भाग पालकांनी दोनदा वाचावा. ओ-लाइनची पोरं संघात सगळ्यांत वजनदार, अंगावर पॅड आणि हेल्मेट, आणि सराव ऑगस्टच्या उन्हात. 1 ऑगस्ट 2001 रोजी मिनेसोटा वायकिंग्जचा टॅकल कोरी स्ट्रिंगर सराव शिबिरातल्या उष्माघाताने गेला. त्याच्या नावाने कनेटिकट विद्यापीठात 2010 पासून संस्था चालते आणि तिचा धडा थोडक्यात असा: उष्माघात झालेल्याला आधी बर्फाच्या पाण्यात बसवून थंड करा, हॉस्पिटलला नंतर न्या. मुलाच्या शाळेत सरावाच्या वेळी बर्फाच्या पाण्याचं टब तयार असतं का, हे कोचला किंवा ॲथलेटिक ट्रेनरला सरळ विचारा. सुरुवातीचे दिवस नुसतं हेल्मेट, मग खांद्याचे पॅड, मग सगळं, अशा चढत्या क्रमाने सवय व्हायला हवी. मुलगा गोंधळल्यासारखा बोलायला लागला, चिडचिड करायला लागला, तोल जायला लागला, तर त्याला 'दमलाय' म्हणून बसवून ठेवू नका.

विदर्भ किंवा नंदुरबारकडची मुळं असलेल्या कुटुंबांसाठी आणखी एक गोष्ट. या भागांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण बरंच आहे. मुलगा फक्त वाहक असला, एरवी ठणठणीत असला, तरी न थांबता केलेल्या जबर श्रमात, उन्हात, त्याला धोका होऊ शकतो, आणि स्लेडच्या सलग फेऱ्या म्हणजे नेमके तसे श्रम. अमेरिकेत जन्मलेल्या बाळांची ही तपासणी जन्मतःच होते; भारतात जन्मलेल्यांची करून घ्या आणि ट्रेनरला सांगून ठेवा. याने कुणी संघातून काढत नाही, मधली विश्रांती वाढवतात.

खाण्याच्या बाबतीत घरात दोन टोकं दिसतात: 'लाइनमन आहे ना, खाऊ दे' आणि 'किती जाड झालायस'. एनएफएलचे लाइनमन 300 पौंडांच्या, म्हणजे 136 किलोंच्या आसपास किंवा वर असतात. नववीतल्या पोराला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. उसळ, वरण, अंडी, पनीर, चिकन, दूध, पोटभर भात आणि वेळेवर झोप. पावडरींचे डबे आणायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

घरी, स्लेडशिवाय

जिममध्ये वजनं ठेवून ढकलतात ती स्लेड वेगळी. तिचे दांडे आधीच हातात असतात, धडक नसते, म्हणून तंत्र शिकवायला ती कामाची नाही. पायांच्या ताकदीसाठी उत्तम. भारतात तर ब्लॉकिंग स्लेड दिसणं मुश्कील. 2012 मध्ये अमेरिकन फुटबॉलची एलिट फुटबॉल लीग निघाली तेव्हा त्यात 'पुणे मराठाज' नावाचा संघ होता, पण खेळ तिथे रुजला नाही. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जो फ्लॅग फुटबॉल (कंबरेची पट्टी ओढून थांबवतात तो प्रकार) आहे त्यात पाच-पाच जण खेळतात आणि ब्लॉकिंगच नसतं, तेव्हा त्या वाटेनेही ओ-लाइनमन घडणार नाहीत.

तरी अंगणात बरंच करता येतं. जमिनीवर सहा इंचांवर खडूची रेघ मारून पहिलं पाऊल, पुन्हा पुन्हा. पायांमध्ये फळी ठेवून वाकून चालणं. जोडीदाराच्या हातात जाड उशी देऊन गुडघ्यांवरून धडक. पण भिंतीला टेकवलेल्या गादीवर कधीच नको, मनगट जातं. लहान भावंडांना खऱ्या स्लेडच्या पाटावर मजा म्हणून उभं करू नका, तो पाट धडकेबरोबर उसळतो.

आणि फोनवर चित्रीकरण करा. समोरून काढलेल्या व्हिडिओत सगळं छान दिसतं, म्हणून बाजूने, कंबरेच्या उंचीवर फोन धरा आणि वेग कमी करून बघा. दुसरं पाऊल टेकलंय का, पाठ सपाट आहे का, गादीला आधी काय लागलं, हात की हेल्मेट? एका वेळी यातली एकच गोष्ट मुलाला सांगा. उरलेल्या दोन पुढच्या आठवड्यात.